लॅपटॉपआधी टेबल

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी अशा विषयांवर सभासदांचे अभ्यासपूर्ण लेख येतात. यंदा मी निवडलेला विषय पाहून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडेल याची मला कल्पना आहे. तरीही तो निवडला, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या दवाखान्यात नाडी-रक्तदाब पाहून झाल्यावर, चिठ्ठी हाती घेताघेता, आईवडील जो प्रश्न हमखास विचारतात तो हाच : ''डॉक्टरसाहेब, मुलगा गेमिंग लॅपटॉप मागतो आहे. घेऊन द्यावा का?'' पिपलानी, सोनागिरी, इंद्रपुरी या आपल्या परिसरात बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. आपण डॉक्टर मंडळी ''डोळे बिघडतील, नका देऊ'' एवढे सांगून मोकळे होतो. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे, आणि मी स्वतः ते अनेकदा दिलेले असल्यामुळे त्याची जबाबदारी स्वीकारूनच हा लेख लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याच घरी आला. चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीचे दार बंद, आतून दबक्या आवाजात बोलणे, सकाळी डोळे लाल आणि चाचणी परीक्षेत गुण घसरलेले. एके रात्री मी दार ढकलून आत गेलो, जुना लॅपटॉप उचलला आणि कपाटात कुलूपबंद केला. रागाच्या भरात ''तू व्यसनी झाला आहेस'' असे म्हणालो. त्यानंतर सुमारे तीन आठवडे बापलेकांत जेवणाच्या ताटापुरतेच बोलणे उरले. सौ.ने दोघांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण मी वैद्यकीय शब्दाची ढाल पुढे धरली होती, आणि त्या ढालीपुढे घरातील कोणाचे काही चालेना.

अखेर एका मनोविकारतज्ज्ञ मित्राने माझे कान उपटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान समाविष्ट आहे; २०१९ साली जागतिक आरोग्य सभेने ते स्वीकारले आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. मात्र त्याच्या अटी स्पष्ट आहेत. खेळावरील ताबा सुटलेला असावा, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत असावा, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहावे, यांमुळे शिक्षण-कुटुंब-सामाजिक जीवन यांत लक्षणीय बाधा यावी, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसावे. ''तुझ्या मुलाबाबत यांपैकी तू काय काय तपासलेस?'' मित्राने विचारले. मी काहीच तपासले नव्हते. ''तो काय खेळतो आणि कोणाबरोबर खेळतो, एवढे तरी ठाऊक आहे?'' तेही ठाऊक नव्हते. रुग्णाचा पूर्वेतिहास न घेता निदान करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला मी वॉर्डात उभे केले नसते. घरी मात्र मी तेच केले होते.

त्या रात्री मी मुलाच्या शेजारी बसलो आणि कळले ते असे. तो ज्यांच्याबरोबर खेळत होता ते चौघेही त्याचे शाळासोबती. आपल्या वसाहतीची रीत सर्वांना माहीत आहे. वडील निवृत्त झाले की क्वार्टर सोडावे लागते. बदली झाली तर झाशी, हरिद्वार गाठावे लागते. नववीपासून या पाच जणांच्या टोळीतले एकेक घर रिकामे होत गेले. मैदानावरचा खेळ मोडला आणि पडद्यावरचा राहिला. रात्री दहानंतरच सगळ्यांचे क्लास संपत, म्हणून खेळही रात्रीच होई. मला ऐकू येणारे ते दबके बोलणे म्हणजे तुटत चाललेली मैत्री टिकवण्याची धडपड होती. जागरण चूकच होते, गुण घसरणेही चूकच होते. पण मी उपचार भलत्याच रोगावर चालवला होता. पुढे आम्ही वेळ ठरवली, रविवारी दुपार आणि दोन दिवस संध्याकाळ. गाडी हळूहळू रुळावर आली. गेल्या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्यावर त्याने गेमिंग लॅपटॉप मागितला तेव्हा 'द्यावा की न द्यावा' हा वाद आम्ही घातलाच नाही. कोणता, आणि तो कुठे, कशावर ठेवून वापरायचा, यावर दोघे मिळून विचार करत राहिलो. त्या विचाराचे सार पुढे देत आहे.

प्रथम, गेमिंग लॅपटॉप म्हणजे काय? साध्या लॅपटॉपमध्ये चित्र काढण्याचे काम मुख्य प्रोसेसरच्याच पोटातील छोटा भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळी ग्राफिक्स चिप आणि तिची स्वतःची स्मृती असते. त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संपादन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांनाही हीच चिप उपयोगी पडते; त्यामुळे ''कॉलेजला लागतो'' हे मुलांचे म्हणणे अगदीच सबब नसते. मात्र मूल घरीच राहून शिकणार असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक शक्तीचा, कमी तापणारा आणि पुढे भाग बदलता येणारा मिळतो. वसतिगृहात जायचे असेल तरच लॅपटॉपचा आग्रह योग्य, असे माझे मत आहे. दोन-सव्वादोन किलोंचे यंत्र आणि विटेएवढा अ‍ॅडॉप्टर रोज पाठीवर वाहायचा आहे, हेही विसरू नये.

एम. पी. नगरातील दुकानांत आम्ही दोन शनिवार हिंडलो. दुकानदार चिपचे नाव सांगतो आणि गिऱ्हाईक नावावर भुलते. येथे मला माझ्या एका वयोवृद्ध रुग्णाने शहाणे केले. हे गृहस्थ आपल्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर विभागातून निवृत्त झालेले. पंडित नेहरूंनी ६ नोव्हेंबर १९६० रोजी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला, त्यानंतरच्या पहिल्या पिढीच्या हाताखाली शिकलेले. मी लॅपटॉपचे नाव सांगताच त्यांनी विचारले, ''नाव राहू द्या डॉक्टर, रेटिंग किती? आणि थंड कसे करतात?'' त्यांनी समजावले की ट्रान्सफॉर्मरची क्षमता शेवटी तो आपली उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो यावर ठरते. त्याच ट्रान्सफॉर्मरवर पंखे बसवले की तो अधिक भार पेलतो. लॅपटॉपचेही नेमके हेच आहे. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये आलेली एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉप चिप निर्माता आपल्या सोयीने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवू शकतो. नाव तेच, पण पातळ देखण्या यंत्रात ती दम खाते आणि जाड यंत्रात मोकळी धावते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ''ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळतात?'' हा असावा. मेगावॅटची यंत्रे घडवणाऱ्या वसाहतीत राहून हा प्रश्न मला सुचू नये, याची थोडी लाज वाटली.

बाकीची तपासणी थोडक्यात सांगतो. रॅम किमान १६ जीबी, शक्यतो दोन पट्ट्यांत विभागलेली, म्हणजे माहितीची ये-जा दुहेरी वाटेने होते. आणि पुढे वाढवता येणारी. ग्राफिक्स चिपची स्मृती ८ जीबी असल्यास उत्तम. एसएसडी ५१२ जीबीची असली तरी चालते, पण दुसरीसाठी जागा असावी. आजचा एकेक खेळ शंभर जीबी गिळतो. पडद्याच्या बाबतीत १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे, प्रत्येक चित्र सुमारे ७ मिलिसेकंद. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर तेच जवळजवळ १७ मिलिसेकंद. हालचाल नितळ दिसते हे खरे, पण अनेक स्वस्त यंत्रांत हा आकडा मोठा आणि पडदा मात्र निस्तेज, फिकट रंगांचा असतो. उजेड ३०० निट्स आणि रंग शंभर टक्के एसआरजीबी असल्याची खात्री करावी. पूर्ण शक्ती वीज जोडलेली असतानाच मिळते. बॅटरीवर चिप आपोआप मंदावते. तेव्हा 'बॅटरीवर किती तास खेळता येईल' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. सतत वीज जोडून वापरायचे असल्यास, सोय असेल तेथे, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, बॅटरीचे आयुष्य वाढते.

आता माझ्या मते अधिक महत्त्वाच्या भागाकडे वळतो. दुकानातून यंत्र आले की घरातले सारे लक्ष संपते. ते यंत्र मग पलंगावर, मांडीवर, उशीवर चालते. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या थोरल्या कन्येने संपूर्ण वर्ष पलंगावर बसून, लॅपटॉप रजईवर ठेवून अभ्यास केला. मान आणि उजवा खांदा दुखू लागला तेव्हा मी तिला गोळी दिली. दिवसभर इतरांच्या माना तपासणाऱ्या बापाला घरातील मुलीची बैठक दिसली नाही. लॅपटॉपच्या रचनेतच एक दोष आहे : पडदा आणि कळफलक एकमेकांस जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. हात कोपरातून काटकोनात ठेवावेत तर मान झुकते. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. यावर दोनच उपाय आहेत. एक, लॅपटॉप स्टँडवर चढवून वेगळा कीबोर्ड आणि माउस घेणे. दुसरा, वेगळा मॉनिटर घेणे. घरी दुसरा उपाय चांगला, वसतिगृहात पहिला.

मॉनिटर २४ इंची पुरेसा आहे. त्याची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. उंची कमीजास्त करता येणारा स्टँड असलेला घ्यावा, नाहीतर शेवटी जाडजूड पुस्तकांची चळत खाली जाते. कीबोर्ड उजवीकडच्या अंकांच्या कळा नसलेला, आखूड घ्यावा, असे मी सुचवेन. त्यामुळे माउस शरीराजवळ राहतो आणि खांदा बाहेर ताणला जात नाही. माउसच्या खोक्यावरील प्रचंड आकड्यांना भुलू नये. तो हातात नीट बसतो का, हे दुकानात धरून पाहावे. मोटारशर्यतीच्या आसनासारखी दिसणारी 'गेमिंग चेअर' बव्हंशी देखाव्याची असते. उंची बदलणारी, कमरेला आधार देणारी साधी कार्यालयीन खुर्ची त्याहून बरी. पाय जमिनीला टेकत नसतील तर लाकडी पाट ठेवावा. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांवर मी पैसे दिले नाहीत. चिरंजीवांनी त्या स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणल्या, आणि खरे सांगायचे तर त्या तितक्या वाईट दिसत नाहीत.

उष्णतेबाबत डॉक्टरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१० साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधील बासेलच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. काही महिने रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटले होते. शेगडीपाशी बसणाऱ्या माणसांत आपण पाहत आलो तोच 'एरिथेमा अब इग्ने'. अशी त्वचा दिसली तर मांडीवर काय ठेवतोस, हे विचारावे. गेमिंग लॅपटॉप बहुधा खालून हवा ओढतो आणि मागून-बाजूंनी सोडतो. गादीवर ठेवला की त्याचा श्वासच कोंडतो. मागची बाजू दोन बोटे उचलून कठीण टेबलावर ठेवावा. भोपाळच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी भारी खेळ टाळलेला बरा. कूलरच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये, कारण ती हवा ओलसर असते आणि कधी शिंतोडेही घेऊन येते. दर दोन-तीन महिन्यांनी जाळीतली धूळ साफ करावी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने यूपीएसची गरज नाही. चांगला स्पाइक गार्ड मात्र हवा, आणि जुन्या घरात अर्थिंग ठीक आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

यंत्र तापले की पंखे घोंघावतात, आणि तो घोंघाट बुडवण्यासाठी मूल हेडफोनचा आवाज वाढवते. येथे उष्णतेचा प्रश्न कानाचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, लहानांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. कान झाकणारा, बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन याचसाठी घ्यावा. तो कमी आवाजातही पुरतो.

डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारे चष्मे सर्रास विकले जातात. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या पाहून डोळ्यांचा ताण कमी होण्याचा फायदा दिसला नाही. तो पैसा वाचवून चांगल्या टेबल-दिव्यावर खर्च करावा. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहणे हा जुना नियम मात्र फुकट आणि उपयुक्त आहे. लहान मुलांसाठी आणखी एक गोष्ट : चीनमधील ग्वांगझौच्या बारा शाळांतील प्रयोगात रोज ४० मिनिटे अधिक मैदानावर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत मायोपिया ३०.४ टक्के आढळला, इतरांत ३९.५ टक्के. हा अहवाल २०१५ मध्ये 'जामा'त आला. मैदाने आपल्या वसाहतीत आहेत. ती वापरात राहावीत.

सलग बसण्याचा धोकाही खरा आहे. २००३ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी दिवसाचे बारा-बारा तास संगणकासमोर बसणाऱ्या ३२ वर्षांच्या एका माणसाला जिवावर बेतलेली रक्ताची गुठळी झाल्याचे नोंदवले. म्हणून पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नये, स्वयंपाकघरात ठेवावी. तेवढ्यानेच माणूस उठतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००७ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी'त ३३ शल्यचिकित्सकांचा अभ्यास आला : पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या आणि काम २७ टक्के लवकर संपवले. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार निष्कर्ष काढू नयेत; पण खेळ म्हणजे निव्वळ नासाडी, हा समज तो हलवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे आणला. हाही एक व्यवसायच आहे. मात्र पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात अशा ऑनलाइन खेळांवर बंदीची आणि ई-स्पोर्ट्सला मान्यतेची तरतूद आहे. पालकांनी हा भेद ओळखावा, आणि आपण रुग्णाला 'किती तास खेळतोस' याबरोबर 'पैसे लावतोस का' हेही विचारावे.

खर्चाबद्दल माझे सूत्र असे : शंभर रुपयांतील पंचाहत्तरच यंत्रावर घालावेत, पंचवीस टेबल, खुर्ची, मॉनिटर, हेडफोन यांसाठी आधीच बाजूला काढावेत. त्यासाठी चिप एक पायरी खालची घ्यावी लागली तरी चालेल. आम्ही तसेच केले. चिरंजीव प्रथम नाराज झाले. यंत्र एक वर्षाने जुने होते, खुर्ची दहा वर्षे टिकते, हे मी हिशेब मांडून दाखवले तेव्हा मान्य झाले. टेबल कुठे ठेवायचे यावर मात्र बराच खल झाला. त्याला बंद खोली हवी होती, मला बैठकीची खोली. शेवटी जेवणघराला लागून असलेल्या, दार नसलेल्या कोपऱ्यात ते लागले. खिडकी डाव्या हाताला, पडद्यावर चकाकी येणार नाही अशी. सारा दिवस कोणी त्याच्या मागे उभे राहत नाही, पण येताजाता तो दिसतो, आणि त्यालाही आम्ही दिसतो. सध्या तो वसतिगृहात असतो. सुट्टीत आला की तेच टेबल. मध्यंतरी हरिद्वारहून त्याचा जुना मित्र दोन दिवस आमच्याकडे राहून गेला. दोघांनी एका संध्याकाळी मला तो खेळ शिकवण्याचा प्रयत्न केला. मी चार मिनिटांत तीनदा मेलो. दोघे पोट धरून हसले.

हे कोपऱ्यातले टेबल म्हणजे सर्व घरांसाठी उपाय आहे, असा माझा दावा नाही. काही मुले खरोखरच आजारी असतात. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्यात दिरंगाई करू नये. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २०१४ पासून याच कामासाठी स्वतंत्र 'शट' क्लिनिक चालते, त्यांच्या अनुभवाचा लाभ घेता येतो. पण अशा मोजक्या मुलांच्या भीतीपोटी उरलेल्यांना आपण नुसते 'नको' सांगत राहिलो, तर पालक आपल्याला विचारणे सोडतील आणि दुकानदाराला विचारतील. तो चिपचे नाव सांगेल. मान, कान, डोळे आणि घरातील जागा यांबद्दल त्याने सांगावे, ही अपेक्षाच गैर आहे. ते काम आपले आहे.

आपल्या मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी बारावीच्या निकालानंतरच्या एखाद्या रविवारी पालक आणि मुले यांना एकत्र बोलवावे. नेत्रतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा अभियंता असे चौघे एक तास बोलोत, उरलेला तास मुलांना बोलू द्यावे. चहापाण्याचा खर्च मी करीन. आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक बापाला मी एवढेच विचारीन : मुलगा कोणाबरोबर खेळतो, हे तुम्हाला माहीत आहे काय?